जुव्यावरचा कुकारा

आमच्या दर्शनाने डिसेंबर लागताच फोनवरून फर्मान काढलं. या नाताळच्या सुट्टीत आई-बाबांनी कुठल्यातरी बेटावर जाऊन चार दिवस आराम करायचा. तिकिटं ती काढणार, हॉटेल ती ठरवणार, आम्ही फक्त बॅगा भरायच्या. मी म्हटलं, बाये, तुझ्या बापाने उभं आयुष्य जहाजावर काढलंय, खलाशी म्हणून चढलो आणि सारंग होऊन उतरलो. जगातली निम्मी बेटं मी डेकवरून बघितली आहेत. लांबून सगळी सारखीच दिसतात आणि जवळ कुणी जाऊ देत नाही. त्यावर ती म्हणाली की बाबा, तुम्हाला विचारलेलंच नाही, फोन आईला द्या.

माझ्या बायकोला कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ह्यांना विचार." भाजी कुठली करायची इथपासून पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं इथपर्यंत. मी समुद्रावर असायचो तेव्हासुद्धा ती हेच सांगायची आणि मग जे करायचं ते स्वतःच करून मोकळी व्हायची. त्या दिवशी मात्र तिने फोन कानाला लावला आणि कुणाला काही न विचारता सांगून टाकलं की विमान नको, अंदमान नको, मला नाटे गावच्या खाडीतल्या जुव्यावर जायचंय.

खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. हा जुवा म्हणजे पाच घरं, नारळाची झाडं, एक विहीर आणि एक देऊळ. रत्नागिरीतल्या आमच्या घरून न्याहारी करून निघालेला माणूस जेवायच्या वेळेला तिथे पोचतो. मला हसू आलं. लेक अंदमान दाखवायला निघालीय आणि ही मागतेय काय, तर घरामागची खाडी. पण हसता हसता डोक्यात किडा वळवळला. तिथे राहायची सोय आहे हे हिला कुठून कळलं? आणि एवढ्या जगातून हिला नेमका जुवाच का सुचला? मी जात्याच चौकस. जहाजावर पोरं मला मागून सीआयडी म्हणायची, कारण कुणाच्या केबिनमध्ये काय शिजतंय ते मला भांडाऱ्याच्या, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्याच्याही आधी कळायचं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "सहज." चाळीस वर्षांच्या संसारात ती सहज म्हणून कधी कुठे गेलेली मला आठवत नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही खाडीकाठी पोचलो. जांभ्याच्या चार पायऱ्या पाण्यात उतरलेल्या आणि पत्र्याची एक शेड, एवढाच काय तो धक्का. होडी पलीकडे बांधलेली. दर्शनाने दिलेल्या नंबरावर फोन लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. मी गाडीचा हॉर्न वाजवला, दोन बगळे उडाले. मग हात हलवले, शिट्टी घातली, ज्या आवाजात नांगर सोडायला सांगायचो त्या आवाजात ओरडलो. पलीकडे एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कपडे झटकायला लागली.

बायको शेजारी उभी राहून माझी गंमत बघत होती. थोड्या वेळाने तिने पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला, पायऱ्या उतरली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कुकारा घातला. कूऊऊऊ, मग कू, कू. एक लांब, दोन आखूड. खाडीचं पाणी ओलांडून तो सरळ पलीकडच्या नारळांना जाऊन लागला. मी पर्स धरून बघतच राहिलो. ही दर्शनाला जेवायला हाक मारायची तेव्हा शेजारच्या खोलीत ऐकू जात नसे.

पलीकडे एकदम धावपळ उडाली. दोन-तीन माणसं घरातून बाहेर आली, आपसांत काहीतरी बोलली, एकदा आत जाऊन पुन्हा बाहेर आली. मग होडी सुटली. वल्ह्यावर माझ्याच वयाचा एक टकला माणूस होता आणि पुढच्या टोकाला त्याची बायको बसली होती. तिच्या हातात कोयती होती. सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना कोयती घेऊन न्यायला येतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

पायऱ्यांपासून थोडी लांबच होडी थांबवून त्या माणसाने विचारलं, "आमच्या घरचा कुकारा कोनी घातला? आमची सगली मानसा घरातच हायत."

"मी घातला, लवू," बायको म्हणाली.

तो वाकून बघायला लागला. डोळ्यांवर हात धरला, मग काढला. "सखू काय गो तू?"

माझ्या बायकोचं नाव वैष्णवी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच लिहिलं होतं ते. रेशनकार्डावर, बँकेत, आधारवर सगळीकडे तेच आहे. पण हाकेला मी ते कधी वापरलं नाही, कारण चारचौघांत बायकोला नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती. अगो म्हटलं की भागायचं. तिचं माहेरचं नाव सखू, हे मला माहीत होतं तसं विसरायलाही झालं होतं. आणि आता हा टकला माणूस ते नाव असं उच्चारत होता की जणू काल संध्याकाळीच शेवटचं उच्चारलं होतं. शिवाय हिने त्याला नुसतं लवू म्हटलं. पुढे दादा नाही, भाऊजी नाही. ही गोष्ट मी होडीत पाय ठेवायच्या आधीच मनात टिपून ठेवली.

लवूची बायको गंगुबाई. तिने कोयती फळीखाली सारली आणि मनापासून हसली. कुकारा ऐकून लवू तिच्याशिवाय होडीत बसायलाच तयार नव्हता म्हणे. घरची सगळी माणसं मोजून घरात असताना घरचा कुकारा बाहेरून आला, म्हणजे तो घालणारा माणूस आहे की आणखी काही, हे आधी बघायला नको? लोखंड हाताशी असलेलं बरं, असं तिने मला समजावलं.  लवू वल्हं मारत होता आणि मधूनमधून हिच्याकडे बघत होता.

त्यांची सून सानिका मुंबईहून लग्न होऊन आलेली, तिनेच मागच्या दोन खोल्या रंगवून पाहुण्यांसाठी केल्या होत्या. चहा देताना तिने मला कुकाऱ्यांची सगळी हकिगत सांगितली. जुव्यावर घरं पाच, म्हणून कुकारे पाच. पलीकडच्या काठावरून कुकारा आला की कुणाच्या घरचं माणूस आलंय ते कळतं आणि त्या घरची होडी सुटते. नुसत्या ओरडण्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण काठावर गुरं राखणारे, मासे विकणारे, दारू प्यालेले असे खूप जण ओरडत असतात. लवूच्या घराचा कुकारा एक लांब, दोन आखूड. शेजारचं घर बंद आहे, माणसं मुंबईला गेली ती गेलीच. त्यांचा दोन आखूड, एक लांब. तो आता कुणी घालत नाही. नवी नवरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी सासू तिला पायऱ्यांवर उभी करून घरचा कुकारा शिकवते, आणि तो जमेपर्यंत ती पाहुणीच. सानिकाला जमायला महिना लागला. घसा बसला होता, मध चाटावा लागला, असं ती सांगत होती आणि मी ऐकता ऐकता अंगणाकडे बघत होतो. अंगणात माझी बायको चपला काढून वाळूत उभी होती.

जो कुकारा सासू सुनेला शिकवते तो हिला कुणी शिकवला? रात्री अंथरुणावर पडताना मी विचारलंच. ती म्हणाली की काठावर मामाचं घर होतं, लहानपणी सुट्टीत यायचे, तेव्हा ऐकू यायचा. मी म्हटलं, ऐकू तर मलाही जहाजाचा भोंगा यायचा, म्हणून मी भोंगा वाजवत सुटलो नाही. त्यावर ती कूस बदलून झोपली. चांगली गाढ झोपली. मी जागा.

पुढचे दोन दिवस सुट्टी छान गेली असं म्हणायला हवं, आणि तिची तर गेलीच. सकाळी खाडीवर धुकं असायचं आणि पाणी हाताला कोमट लागायचं. काठावरचे आंबे मोहरले होते, वारा फिरला की तो वास जुव्यावर यायचा. गंगुबाई घावणे करायची, नारळाच्या रसात बुडवून खाताना किती झाले ते मोजायचं आम्ही सोडून द्यायचो. सुकतीला पाणी मागे गेलं की बायका चिखलात उतरून मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या आणि माझी बायको साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्यांच्यात. दर्शनाला फोटो पाठवायला रेंज नव्हती म्हणून बरं, नाहीतर तिला वाटलं असतं की आईला कुणीतरी बदलून दिली.

मी आपला सीआयडीच्या कामाला लागलो. सानिकाला काही माहीत नव्हतं. देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं तर तो नाट्याचा निघाला, नवा. लवूला मासे धरायच्या निमित्ताने होडीत गाठलं आणि हळूच विषय काढला, तर तो गळाला आमिष लावता लावता म्हणाला, "लय वर्सा झाली वो." एवढंच. या माणसाच्या तोंडातून एका वेळी चार शब्द निघाले की तो दमायचा.

त्याच दुपारी लवू हिला होडी शिकवताना दिसला. ही वल्ह्यावर, तो मागे बसून हाताने खुणा करतोय. होडी गोल गोल फिरत होती आणि ही हसत होती, तोंडावर हात न घेता. मला मत्सर वाटला. या वयात वाटू नये असं कुठे लिहिलेलं नाही. जहाजावर मी चार होड्यांचा धनी होतो, त्या उतरवणं-चढवणं माझ्या शिट्टीवर चालायचं, आणि माझ्या बायकोला वल्हं धरायला शिकवतोय हा टकला.

मी गंगुबाईजवळ जाऊन बसलो. ती कालवं फोडत होती. विचारायचं कसं याचा मी विचार करत होतो तेवढ्यात तिनेच सांगितलं, भाव विचारल्यासारखं. "तुमच्या हिचा ठरल्यात जमा व्हता आमच्या ह्यांच्याशी. मामान् जमवलेला. ह्यांची आये काठावर जाऊन हिला कुकारा शिकवून आलेली, लगीन व्हयाच्या आधीच. एवढी आवडलेली. मग हिचा बापूस आला, त्यान् खाडी बघितली आनी म्हनाला, पोरगी पान्यात देनार नाय. मग मी आलंय." तिने कालव उचकटलं आणि माझ्याकडे बघून हसली.

माझ्या सासऱ्याला मी ओळखत होतो. सरळ माणूस. पोरगी पाण्यात द्यायची नाही म्हणून त्याने लवूला नाही म्हटलं, आणि त्याच वर्षी जावई केला तो कुणाला, तर वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर असणाऱ्याला. मला आधी हसू आलं. मग आठवलं की दर वेळी जहाज सोडून मी घरी यायचो तेव्हा ही रत्नागिरीच्या बंदरात, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर येऊन उभी असायची. मी मुंबईहून एसटीने यायचो, धक्क्याशी माझा काही संबंध नसायचा. पण ती तिथेच थांबायची आणि मग आम्ही दोघं तिथून घरी जायचो. ती धक्क्यावर का थांबते हे मी, एवढा चौकस माणूस, कधी विचारलं नव्हतं. माणूस समुद्रावरून येणार तर समुद्राकडे बघत थांबायचं, एवढंच तिला वाटत असावं. हे सगळं मनात येऊन माझं हसू ओसरलं आणि जागा राहिला तो एकच प्रश्न. हिला तेव्हा इथे यायचं होतं का?

संध्याकाळी गंगुबाईने अंगणात शेकोटी केली. पावटे भाजून खाता खाता तिने जुव्याचे कायदे सांगितले. दिवे लागल्यावर बिनघराच्या हाकेला ओ द्यायची नाही. कितीही ओळखीचा आवाज असो, कुकारा नसेल तर दार लावून घ्यायचं. लवूच्या चुलत्याने एकदा ओ दिली होती आणि त्याचं काय झालं ते ती सांगणार होती, पण लवू म्हणाला की पाहुण्यांना घाबरवू नको, आणि स्वतःच उठून घरात गेला. बायको माझ्या शेजारी काठाकडे तोंड करून बसली होती. अंधारात काठावर दोन-तीन दिवे दिसत होते, बाकी काही नाही. काय बघतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "आपला किनारा बघतेय. पाण्यातून कसा दिसतो ते."

त्यात बघण्यासारखं काय आहे ते मला समजेना. मी आयुष्यभर पाण्यातूनच किनारा बघितला होता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती ओट्यावर मुळे निवडत होती. आसपास कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सरळ विचारलं, "लवूच्या घरी तुला यायचं होतं का? खरं सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. थोडा वेळ खरंच विचार केला. मग म्हणाली, "हो." आणि पुन्हा मुळे निवडायला लागली.

एवढा एक शब्द मी तीन दिवस धुंडाळत होतो, तो मिळाला तर मला बसवेना. ती पुढे काही बोलणार होती बहुतेक, पण मी उठलो, गाडीची हवा बघून येतो म्हणालो आणि सानिकाच्या नवऱ्याला पलीकडे सोडायला सांगितलं. गाडीच्या हवेला काहीही झालं नव्हतं. मी गाडी काढून नाट्याला गेलो. बंदरावर होड्या लागल्या होत्या, जाळी वाळत होती. चहा घेतला, मग आणखी एक घेतला. चाळीस वर्षं माझ्या घरी एक बाई राहतेय आणि तिचं मन इकडे खाडीत आहे, असं काहीबाही मनात येत होतं. तसं नाही हे मला कळत होतं. ती माझ्यावर जीव टाकते हेही माहीत होतं. पण तो हो कानातून जाईना.

परत काठावर आलो तेव्हा सूर्य बुडून बराच वेळ झाला होता. फोन बघायला खिशात हात घातला आणि आठवलं की तो जुव्यावर चार्जिंगला लावलाय. पलीकडे लवूच्या घराचा दिवा दिसत होता, पायऱ्यांवर दुसरा एक. मी ओरडलो. अहो लवू, अहो पाव्हणे, होडी पाठवा. उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. कालची शेकोटी आठवली, गंगुबाईचे कायदे आठवले, आणि जे करायचं नव्हतं तेच करायची पाळी आली.

लवूच्या घराचा कुकारा घालायचा म्हणजे मी त्याच्या घरचा झालो. जीव नको म्हणत होता. पण थंडी वाजायला लागली होती आणि पायाला डास चावत होते. शेवटी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घातला. कू, कू, कूऊऊऊ. चांगला जमला असं मला वाटलं.

पायऱ्यांवरचा दिवा पटकन आत गेला. मग घराचं दार लागलेलं ऐकू आलं, पाण्यावरून आवाज असा येतो की कडीसुद्धा कळली. लवूच्या घराचाच नव्हे, चारही घरांचे बाहेरचे दिवे गेले. मी तो कुकारा आणखी दोनदा घातला आणि जुवा पार काळा झाला. काय चुकलं ते मला कळलं नाही. मी मुकाट्याने खालच्या पायरीवर बसलो.

बसून राहण्यावाचून काही करता येत नव्हतं. भरतीचं पाणी एकेक पायरी वर येत होतं आणि मी एकेक पायरी वर सरकत होतो. समोर माझी बायको होती, हाकेच्या अंतरावर, आणि ती येईल की नाही, तिला मी इथे आहे हे माहीत आहे की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. तिला वाटलं असेल की हे रागाने रत्नागिरीला निघून गेले. तिला काहीही वाटलं असेल. मला भीती वाटायला लागली, भुताची नव्हे.

मी उठून हाक मारली, "वैष्णवी." आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत नसलो तरी उघड्यावर. पण ते नाव पाण्यावर टिकत नाही, मध्येच फुटतं. शेवटचं अक्षर लांबवायला गेलो तर आवाजच चिरकला. मग मला सुचलं. मी श्वास भरून घेतला आणि हाक मारली, "सखूऊऊऊ."

ती हाक गेली. सरळ गेली, कुकाऱ्यासारखी. मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारायच्या आत पलीकडून आली, एक लांब, दोन आखूड, आणि तो गळा मी आता ओळखत होतो.

दार उघडल्याचा उजेड दिसला. कुणाची तरी वादावादी ऐकू आली, त्यात गंगुबाईचा आवाज सगळ्यात वरचा. मग वल्ह्याचा आवाज यायला लागला, वेडावाकडा, मध्येच थांबणारा. होडी एकदा भलतीकडे गेली, परत वळली. पुढे गंगुबाई बॅटरी आणि कोयती घेऊन बसली होती आणि वल्ह्यावर माझी बायको होती. लवू नव्हता.

"आमचे हे गोधडीत हायत," गंगुबाईने लांबूनच सांगितलं. बंद घराचा कुकारा दिवे लागल्यावर आला, तोही तीनदा, म्हटल्यावर लवू जो आत शिरला तो शिरलाच. मी लांब-आखूड उलटं केलं होतं. जे घर कधीच मुंबईला गेलं, त्याच्या नावाने मी काठावरून हाका मारत होतो. सगळ्यांनी मिळून देवाला नारळ बोलला होता. फक्त हिने म्हटलं म्हणे की भूत असेल तर ते माझं आहे, मी आणते.

होडी पायरीला आपटली. बायको धापा टाकत होती, केस सुटले होते, हाताला फोड आला होता. ती उतरली नाही, वल्हं धरून तिथूनच बघत राहिली.

"किती वेळ उभे होतात?"

"बराच."

"कसं वाटलं?"

मी म्हटलं, वाईट वाटलं. तू येशील की नाही, असं वाटलं.

"मलाही धक्क्यावर तसंच वाटायचं," ती म्हणाली. रागाने नाही. मीठ बरोबर पडलंय का ते कुणी सांगावं तशी. मग हात पुढे केला आणि मला होडीत घेतलं.

मी तिच्यासमोरच्या फळीवर बसलो. वल्हं मागितलं तर दिलं नाही. होडी काठापासून सुटली, गोल फिरली, सरळ झाली. मला राहवेना. गंगुबाई ऐकत होती तरी मी म्हटलं की दुपारी तू हो म्हणालीस.

"तुम्ही पुरतं ऐकलंत कुठे? हो ऐकलंत आणि हवा बघायला पळालात." तिने वल्हं थांबवलं. "मला लवू नको होता हो. होडी हवी होती. या घरात आले असते तर माणूस यायची वाट बघत काठावर थांबावं लागलं नसतं. जाऊन आणता आलं असतं."

 वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

"होडी ने तुला हवी तर," गंगुबाई पुढून म्हणाली, "पन मग ह्यो लवू पन घेऊन जा."

बायको हसली आणि होडी पुन्हा भलतीकडे गेली. मी तिला दिशा सांगणार होतो. जहाजं बंदराला लावण्यात आयुष्य गेलं माझं. पण मी गप्प बसलो, मागे वळून काठ किती लांब गेला तेही बघितलं नाही. ती मला घेऊन चालली होती आणि तिला घाई नव्हती.